मनोरुग्णाला पोलीस गाडीतून नेण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतो?

हिशेबी_बाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. खर्च दिसतो पण त्याचं लेखाशीर्ष (सरकारी हिशेबात तो ज्या नावाखाली नोंदतात ते) सापडत नाही म्हटलं की मला चैन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार समजा.

माझा मामेभाऊ स्किझोफ्रेनियाचा पेशंट आहे. गोळ्या चालू असल्या की शांत, कामाला जाणारा. गोळ्या सुटल्या की दिसेल त्या रस्त्याने चालत सुटतो, आणि दर वेळी त्याला कुठल्यातरी पोलीस ठाण्याची माणसं सांभाळून आणतात. त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही. प्रश्न असा, की गाडी, डिझेल, सोबतचे दोन-तीन कर्मचारी, दवाखान्यात जाणारा दिवस, हे सगळं शेवटी कुठे खर्ची पडतं? माहिती अधिकारात विचारलं तर 'सदर माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. गोळ्यांचा खर्च आरोग्य खात्याच्या औषध खरेदीत पैशापर्यंत दिसतो. हा दुसरा खर्च कुणी मोजतं का?

जुना_हवालदार

ताई, मोजत कुणी नाही, कारण वेगळा मोजायला जागाच नाही. लॉगबुकात किलोमीटर पडतात, 'कारण'च्या रकान्यात ड्रायव्हर 'मेडिकल' लिहितो. दारुड्याला नेलं तरी मेडिकल, आरोपीला नेलं तरी मेडिकल. डिझेल मोटार परिवहनच्या खात्यात, पगार पोलिसांच्या पगारात. झालं, गेलं विरघळून.

पण तुम्ही डिझेल धरून बसला आहात, ते यातलं सगळ्यात किरकोळ. खरा खर्च बाकावर बसण्याचा.

एक केस सांगतो. अनोळखी इसम, बसस्टँडवर गाड्यांच्या आडवा जात होता. त्याला ठाण्यात आणलं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम १०० मध्ये तसं स्पष्ट आहे, कुठल्याही परिस्थितीत नाही. बरोबरच आहे ते. पण मग ठेवायचा कुठे? अंमलदाराच्या टेबलाशेजारी खुर्चीवर, आणि पळू नये म्हणून एक माणूस त्याच्या शेजारी. तो माणूस मी. त्याच्याकडे एक गाठोडं होतं, गाठ कुणाला सोडू देईना. शेवटी त्यानेच सोडली, बाटल्यांची बुचं, गंजलेल्या किल्ल्या, कुणाच्यातरी लग्नपत्रिका. नोंद तर करायला हवी, म्हणून एकेक वस्तू लिहीत बसलो. किल्ल्या त्याने मला क्रमाने मोजून दाखवल्या, आणि मी आकडा चुकीचा लिहिला तर हटकलं.

पुढे यादी घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात. तिथले डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, सिव्हिलला न्या. सिव्हिलला तज्ज्ञ होते, पण ओपीडी संपलेली. तिथून सल्ला, थेट मनोरुग्णालयात न्या. महाराष्ट्रात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तुमचा जिल्हा त्यापासून लांब असला की गाडी दिवसभर बाहेर आणि ठाण्याला दुसरं वाहन नाही. त्या वेळात चोरी झाली, अपघात झाला, तर जाणार कोण? हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकाल?

बाई असली की महिला कर्मचारी लागते, म्हणजे रात्रपाळी करून घरी गेलेलीला पुन्हा बोलवायचं. आणि ते गाठोडं? दवाखान्याने घेतलं नाही. गुन्हा नाही म्हणून मुद्देमाल कारकुनानेही घेतलं नाही. माझ्या कपाटात पडून होतं.

स्पष्टबोल्या

एवढा काथ्याकूट कशाला? वेड्यांना उचलून नेणं पोलिसांचंच काम. पगार त्याचाच मिळतो.

जुना_हवालदार

साहेब, काम आमचंच आहे, नाही कोण म्हणतंय? कलम १०० ठाणे प्रभारीवर कर्तव्यच टाकतं. माझं म्हणणं पुढच्या टप्प्याचं आहे. कायद्यात 'जवळची सरकारी आरोग्य संस्था' लिहिलंय, २४ तासांच्या आत. तिथे तपासणीची व्यवस्था करणं त्या संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी, हेही त्याच कलमात. म्हणजे लांबच्या मनोरुग्णालयाची फेरी बऱ्याचदा लागूच नये. ती का होते? तर १९८७ च्या जुन्या कायद्याची सवय. तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, रिसेप्शन ऑर्डर (दाखल करून घेण्याचा आदेश) घ्या, मनोरुग्णालयात पोचवा, पोच घ्या, असा पाठ होता. नवीन कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला, पण ठाण्यातले आणि दवाखान्यातलेही अजून जुन्याच रुळावर आहेत. आता कलम १०२ मध्ये मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत दाखल करायचा आदेश देऊ शकतात, पण प्रत्येक केस तिथे न्यायलाच हवी असं नाही.

आणि 'वेडे' म्हणू नका. त्या इसमाचं किल्ल्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं.

वॉर्ड_सिस्टर

हवालदार काका, दवाखान्याची बाजू मी मांडते. रात्री एकच डॉक्टर असतो. त्याच्यासमोर एक प्रसूती, एक सर्पदंश, आणि दारात पोलिसांबरोबर अस्वस्थ माणूस. 'पुढे पाठवा' हे शब्द तोंडातून निघतात. तरीही कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत सुरू करू शकतो, आणि त्यात जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणंही धरलेलं आहे. म्हणजे पुढचा प्रवास रुग्णवाहिकेने व्हायला कायद्याची आडकाठी नाही. छातीत कळ आलेल्या माणसाला आपण पोलीस व्हॅनमध्ये घालतो का?

स्टॉकहोममध्ये २०१५ पासून मानसोपचारासाठी वेगळी रुग्णवाहिका आहे: दोन मानसोपचार परिचारिका आणि एक रुग्णवाहिका कर्मचारी. पेशंट गणवेश बघून बिथरतो, हे मी रोज बघते. बिथरला की इंजेक्शन, मग गुंगी, मग तपासणी उद्यावर. तेवढ्यासाठी अडवलेली खाटही खर्चातच धरा.

दूरदेशी

ताई, आकडे हवे असतील तर अमेरिकेत २०१९ मध्ये ट्रीटमेंट ॲडव्होकसी सेंटरने एक अहवाल काढला होता, पोलीस आणि शेरीफ (तिथले जिल्हा पातळीचे पोलीसप्रमुख) कार्यालयांना प्रश्नावली पाठवून. तीव्र मानसिक आजार असलेल्या लोकांना नेण्या-आणण्याचा २०१७ सालचा देशभराचा अंदाज ९१ कोटी ८० लाख डॉलर. मनुष्यवेळाचा २१ टक्के भाग असे प्रसंग हाताळण्यात आणि नेआण करण्यात जातो. उत्तरं देणाऱ्या कार्यालयांच्याच गाड्या वर्षात ५४ लाख मैल फिरल्या. ही संस्था उपचारांच्या सोयी वाढवा म्हणणारी आहे, तेव्हा अंदाज तेवढ्या मिठासह घ्या. पण मोजायची पद्धत बघण्यासारखी आहे: मैल, तास आणि दवाखान्यात थांबलेला वेळ, तिन्ही वेगळे विचारले.

इंग्लंडमध्ये हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये ठरवलं की जिवाला धोका किंवा गुन्हा नसेल तर आरोग्य यंत्रणेने जावं. लंडनच्या पोलिसांनी तेच १ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू केलं. पोलिसांचे तास वाचले. पण आरोग्यवाल्यांना त्यासाठी जादा माणसं दिली का, यावर तिथे वाद झाला. नाही दिली, तर खर्च नुसता या वहीतून त्या वहीत जातो.

हिशेबी_बाई

सगळ्यांचे आभार, हवालदार काकांचे विशेष. माझा अर्जच चुकीच्या दिशेने गेला होता. 'खर्च किती' विचारलं की 'एकत्रित उपलब्ध नाही' हे उत्तर तयारच असतं. आता खर्च हा शब्दच काढून टाकते. एका ठाण्याच्या एका तिमाहीच्या लॉगबुकातल्या 'मेडिकल' नोंदी आणि त्याच तारखांच्या स्टेशन डायरीतल्या (ठाण्याच्या रोजच्या घडामोडींच्या वहीतल्या) कलम १०० च्या नोंदी, एवढ्याच प्रती मागते. गाडी निघाल्याची वेळ आणि परतल्याची वेळ दोन्हीकडे असणारच. वजाबाकी मी करीन. दुसरा अर्ज सिव्हिलला: त्याच तिमाहीत मानसोपचाराच्या कोणत्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या. भावाच्या गोळ्या दर वेळी घरच्यांच्या हलगर्जीने सुटलेल्या नाहीत.

काका, लॉगबुकाची जुनी पानं ठाण्यात किती वर्षं जपून ठेवतात? त्यावर अर्जातली तिमाही ठरेल.

जुना_हवालदार

जुन्याच्या नादी लागू नका, गेल्या वर्षातली तिमाही मागा. आणि स्टेशन डायरीबरोबर मिसिंग रजिस्टरही (बेपत्ता माणसांची नोंदवही) अर्जात लिहा. बेघर किंवा भटकताना सापडलेल्यांची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो, तेही कलम १०० मध्येच आहे. डायरीत सुटलेली नावं तिथे सापडतील.