हेडसेट घ्यायचाय: क्वेस्ट ३, क्वेस्ट ३एस की एक्सरियल वन?

काठावरचा_चष्मिस
पहिलाच हेडसेट घेतोय. कामं तीन: लॅपटॉपचा मोठा पडदा करून लिहिणं-वाचणं, प्रवासात सिनेमे आणि घरी पीसीवरचे व्हीआर (आभासी जगातले) गेम. दोन्ही डोळ्यांना उणे अडीचचा नंबर आहे. सामान सरकवलं की खोलीत अडीच बाय दोन मीटर जागा निघते. मेटा क्वेस्ट ३, क्वेस्ट ३एस आणि चष्म्यासारखा दिसणारा एक्सरियल वन यांत घोळ चाललाय. शिवाय वापरलेला एचपी रिव्हर्ब जी२ मिळतोय. त्याचं रिझोल्यूशन प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६०, म्हणजे क्वेस्ट ३च्या तोडीचं. तो घ्यावा का? आणि पडदा डोळ्याला चिकटूनच असतो, तर व्हीआरमध्ये माझ्यासारख्याला चष्मा लागतो का?

भिंगरी
रिव्हर्ब नको. तो मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर प्रणालीवर, विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवर चालायचा आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून ते काढून टाकलं. वापरलेला कुठलाही हेडसेट घेताना पडदा तपासण्याआधी त्याचं सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे का ते बघा.

चष्मा लागतोच. पडदा डोळ्याजवळ असला तरी भिंगांमुळे डोळ्याला फोकस मीटरभराच्या पलीकडे करावा लागतो. उणे अडीचच्या डोळ्याला चष्म्याविना स्पष्ट दिसतं ते ४० सेंटीमीटरपर्यंतच (१ भागिले २.५ मीटर). क्वेस्टमध्ये चष्मा घालून बसता येतं, पण चष्म्याची काच हेडसेटच्या प्लास्टिकच्या भिंगाला घासली की ओरखडा कायमचा. हेडसेटच्या भिंगांवर बसणारी नंबरची इन्सर्ट भिंगं बनवून घ्या. एक्सरियलखाली चष्मा मावत नाही, तिथे आतल्या फ्रेममध्ये नंबरची भिंगं बसवावी लागतात.

आता आयपीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत. क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून मधलं मापही लावता येतं. घरी मोजायचं तर आरशासमोर २० सेंटीमीटरवर उभं राहा, पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. मग डोकं आणि पट्टी न हलवता डावा मिटा आणि उजव्या बाहुलीसमोरचा आकडा वाचा. तीनदा मोजून सरासरी घ्या. ६५-६६ आलं तर ३एसच्या दोन टप्प्यांच्या बरोबर मधे अडकाल. कडा धूसर, डोळ्यांना ताण, आणि दोष मात्र लोक रिझोल्यूशनला देतात.

तिसरा_डोळा
रिव्हर्बबद्दल छोटी दुरुस्ती: स्टीमवर ओएसिस नावाचा फुकट ड्रायव्हर आहे, त्यावर तो विंडोज ११वर चालू होतो. पण एनव्हिडियाचंच ग्राफिक्स कार्ड लागतं. आधीच घरात असेल तर ठीक, नव्याने घेऊ नये हे बरोबरच.

वाचनासाठी एकूण पिक्सेल मोजू नका, एका अंशात किती बसतात ते बघा. क्वेस्ट ३एस साधारण २०, क्वेस्ट ३ साधारण २५. एक्सरियल वनचा पडदा १९२० बाय १०८०च आहे, पण तो ५० अंशांच्या कर्णात मावतो, म्हणून हिशेब ४३च्या आसपास जातो. निरोगी डोळ्याची मर्यादा ६० धरतात. त्यामुळे बारीक अक्षर एक्सरियलवर सुबक दिसतं. क्वेस्ट ३वर फॉन्ट वाढवूनच लिहावं लागेल आणि ३एसवर तासन्तास वाचन मी तरी सुचवणार नाही. त्यात ३एसची भिंगं जुन्या फ्रेनेल पद्धतीची (गोल खाचा असलेली), म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं आली की उजेडाचे फराटे. क्वेस्ट ३ची नव्या पद्धतीची, पातळ पॅनकेक भिंगं कडेपर्यंत स्वच्छ.

मात्र एक्सरियलला एआर (खऱ्या जगावर चित्रं बसवणारा) म्हणणं हे जाहिरातीचं कौतुक. तो डोळ्यावरचा मॉनिटर आहे. डोकं वळलेलं त्याला कळतं, तुम्ही पुढे सरकलात हे एकट्या चष्म्याला कळत नाही. पीसी व्हीआर विसरा. शिवाय आरपार दिसणाऱ्या काचेवर प्रकाश फक्त वाढवता येतो, काळा रंग दाखवता येत नाही. उन्हात चित्र फिकं पडतं, पुढची काच गडद करावी लागते. क्वेस्टमध्ये बाहेरचं जग कॅमेऱ्यातून येतं, म्हणून काळं काळंच राहतं, पण कमी उजेडात सगळं रवाळ.

लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (पोर्टमधून चित्र बाहेर पाठवायची सोय) आहे का, हे आधी तपासा. नुसतं चार्जिंगचं पोर्ट असेल तर एक्सरियलवर काहीच उमटणार नाही.

वायरमुक्त
क्वेस्टवर पीसीचे गेम वायरीशिवाय, वाय-फायवरून खेळायचे तर निम्मं यश राउटरवर. पीसी राउटरला इथरनेट केबलने जोडा, वाय-फायवर फक्त हेडसेट ठेवा: ५ गीगाहर्ट्झ, ८० मेगाहर्ट्झ रुंदी, राउटर त्याच खोलीत. पीसीही वाय-फायवर असेल तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते आणि चित्र अडखळतं. अधूनमधून अचानक तुटत असेल तर वाय-फायचं चॅनेल डीएफएसमधलं (रडारसोबत वाटून घेतलेलं) आहे का बघा. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावं लागतं. ३६ ते ४८ मधलं लावा.

जागा बेताची आहे, पण पुरेल. खोलीभर फिरायला किमान दोन बाय दोन मीटर मोकळी लागते. हेडसेटमध्ये खेळाच्या जागेची सीमारेषा आखताना ती भिंतीला चिकटवू नका, हात शरीराच्या पुढे जातात. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटलं की पडद्यावर जळका ठिपका पडतो, तो जात नाही.

काठावरचा_चष्मिस
आयपीडी ६५.५ आली. म्हणजे ३एस बाद. प्रवासाचं काय?

तिसरा_डोळा
विमानात क्वेस्ट ३ला ट्रॅव्हल मोड चालू करावा लागतो, नाहीतर विमान वळलं की पडदा बाजूला सरकतो. बॅटरी दोन तासांच्या थोडी वर, सोबत पॉवर बँक हवी. वजन ५१५ ग्रॅम, तेही सगळं पुढे. मूळ कापडी पट्टा बदलून मागे टेकू देणारा घ्या. एक्सरियलमध्ये बॅटरीच नाही, तो फोनचीच खातो. गाडीत त्याचा पडदा जागेवर स्थिर न ठेवता डोक्याबरोबर हलणारा ठेवा. एकच घ्यायचा तर क्वेस्ट ३, कारण गेम एक्सरियलवर होणारच नाहीत. गेम गाळायला तयार असाल तर उत्तर उलटं.