मदत हवी आहे: एमबीबीएस पहिलं वर्ष, उत्तर येतं पण तोंडातून निघत नाही (सोलापूर)

घरकुलची_पोर

नमस्कार मंडळी. यंदा एमबीबीएसला प्रवेश मिळाला. कॉलेज सोलापुरातलंच, पण कुठलं ते सांगत नाही. इथं कॉलेजं दोनच, लगेच ओळखतील. फाउंडेशन कोर्स, चरक शपथ, एप्रन घालून फोटो, सगळं हौसेनं झालं. आता अभ्यास सुरू झालाय आणि घोडं अडलंय.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. नीट इंग्रजीतून दिली, पण तिथं गोल काळे करायचे होते, बोलायचं नव्हतं. परवा अपर लिंबचं, म्हणजे हाताचं पार्ट कम्प्लिशन (भाग शिकवून झाल्यावरची परीक्षा) होतं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मॅडमनी विचारलं, क्लॅव्हीपेक्टोरल फॅशियाला (छातीच्या स्नायूखालच्या पडद्याला) छेदून काय काय जातं? चारही नावं पाठ होती. सिफॅलिक व्हेन म्हणाले आणि ती कुठून येते, कुठं जाते हे इंग्रजीत कसं सांगू याची जुळवाजुळव करत बसले. मॅडमनी वाट बघितली आणि शेजारच्याकडे वळल्या. त्यानं नुसती चार नावं फेकली, मार्क घेतले, मोकळा. लेखी पेपरचं टेन्शन नाही, लिहिते मी बरं. बोलायचं काय करू?

दुसरं, हॉस्टेलला राहू का घरून करू? आम्ही विडी घरकुलला, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. दोन खोल्या, आई दिवसभर विड्या वळत बसलेली, बाबा कारखान्यात लूमवर, रात्रपाळी असली की दिवसा झोपलेले. मोठ्यानं वाचायची सोय नाही. त्यात डिसेक्शनवरून (मृतदेहाच्या चिरफाडीवरून) आले की आई एप्रन घरात घेऊ देत नाही, बाहेरच्या दोरीवर. दोनदा हात धुतल्याशिवाय भाताच्या पातेल्याजवळ फिरकायचं नाही.

तिसरं, मृतदेह टिकवायच्या फॉर्मालिननं डोळ्यांतून नुसत्या धारा लागतात. सगळ्यांनाच होतं का मलाच?

हाडवैद्य

बरीच वर्षं अ‍ॅनाटॉमी शिकवली आहे, म्हणून टेबलापलीकडून काय दिसतं ते सांगतो. परीक्षकाला दिवसभरात ढीगभर मुलं उरकायची असतात. त्याला तुझं इंग्रजी ऐकायचं नसतं, उत्तर ऐकायचं असतं. नावं आधी टाक: सिफॅलिक व्हेन, थोरॅकोअ‍ॅक्रोमियल आर्टरी, लॅटरल पेक्टोरल नर्व्ह, लिम्फॅटिक्स. वाक्य करू नकोस. तो पुढं विचारेल तेव्हा पुढचं. स्नायू आला तर ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, अ‍ॅक्शन, याच क्रमानं. क्रम जिभेवर बसला की व्याकरण लागतच नाही.

हाड हातात दिलं की निम्मी मुलं ते नुसतं फिरवत राहतात. क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) घे. चपटं टोक खांद्याकडे, जाड गोलसर टोक छातीच्या हाडाकडे, सबक्लेव्हियस स्नायूची खाच खाली, आतला दोन तृतीयांश भाग पुढं फुगलेला. असं स्वतःच्या अंगावर धरून मगच तोंड उघड, "राइट साइड" म्हण आणि ही खूण, ही खूण असं बोट ठेवत जा. बोट चालू असलं की जीभही चालते. सिनियर्सकडून बोन सेट मिळतो, नवा घेऊ नकोस.

सिव्हिलची_पायरी

फॉर्मालिनचं सगळ्यांनाच होतं गं. लेन्स वापरत असशील तर डिसेक्शनला चष्मा लाव. उपाशीपोटी जाऊ नकोस, चक्कर येणारी बहुतेक नाश्ता न केलेलीच असतात. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत वासाची सवय होऊन जाते. एप्रनचं मात्र आईचं बरोबर आहे, वेगळ्या पिशवीत ठेव आणि वेगळा धू.

हॉस्टेल मिळत असेल तर डोळे झाकून घे. रात्री अकराला शंका आली तर शेजारच्या खोलीत विचारता येते. शिवाय हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, सकाळच्या लेक्चरला बस चुकून चालत नाही.

डोणगाव_रोड

मी उलट सांगेन. घरून केलं, काही बिघडलं नाही. हॉस्टेलला अभ्यासापेक्षा मॅगीच जास्त होते. लायब्ररीत बसायचं, झोपायला घरी.

रात्रपाळी_जेआर

घरकुलला राहतेस म्हणजे शेजारपाजारचं तेलुगू येत असणार! इकडे पूर्व भागातल्या मावश्या ओपीडीत येतात, पोट कुठं दुखतं ते तेलुगूत सांगतात आणि मेरिटवाली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. अक्कलकोट, इंडीकडचे पेशंट कन्नड बोलतात. सेकंड इयरला पोस्टिंग लागल्या की बघ, युनिटमध्ये तुलाच हाका मारतील. आपल्या सोलापूरचेच डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथं चिनी शिकले आणि त्याच भाषेत काम केलं. तुला तर कामापुरतं इंग्रजी हवंय.

डोणगाव_रोड

आले कोटणीस. सोलापूरच्या धाग्यावर ते आल्याशिवाय राहत नाहीत. पण तेलुगूचं शंभर टक्के खरं.

घरकुलची_पोर

सगळ्यांचे आभार. तेलुगू येतं, चांगलंच येतं, पण ते इथं कामाला येईल हे डोक्यातच नव्हतं. हाडवैद्य सर, उद्यापासून टेबलवरच्या दोघींना पकडून क्लॅव्हिकलपासून सुरुवात करते. हॉस्टेलच्या यादीत नाव लागतं का ते बघते, नाहीतर लायब्ररी. आईला अजून विचारलेलं नाही.

जाता जाता एक. फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला आरबीसी काउंट (तांबड्या पेशींची मोजणी) करताना मायक्रोस्कोपखालच्या चौकोनाच्या रेषेवर बसलेल्या पेशी धरायच्या का सोडायच्या? माझा आणि पार्टनरचा आकडा कधीच जुळत नाही.

सिव्हिलची_पायरी

लगतच्या दोन बाजू धरायच्या, समजा वरची आणि डावी. उरलेल्या दोन सोडायच्या, नाहीतर तीच पेशी दोन चौकोनांत मोजली जाते. आधी पार्टनरला विचार तो कुठल्या धरतोय.