उंदरांच्या मेंदूतले फुटवे : आकडीचं कारण की मागे राहिलेला वण?

पायलोकार्पिन हे रसायन टोचलं की उंदराला तासन्‌तास आकडी येते. ती थांबवली तरी काही आठवड्यांनी फिट्स आपणहून सुरू होतात. तोवर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पुष्कळ चेतापेशी मेलेल्या असतात. त्यातल्याच डेंटेट गायरस या भागातल्या पेशींच्या तंतूंना, म्हणजे मॉसी फायबर्सना, नवे फुटवे येतात आणि ते उलटे वळून शेजारच्याच पेशींना जोडले जातात. हे शॉर्टसर्किटच फिट्सचं मूळ, असं सर्रास शिकवतात. मला ते पटत नाही. २०११ साली बकमास्टर आणि लू या संशोधकांनी अशा उंदरांना दोन महिने रॅपामायसिन हे औषध दिलं. फुटवे दबले, फिट्स तेवढ्याच राहिल्या.

प्रतिसाद १ : अर्धीच गोष्ट सांगितलीत! २००९ मध्ये आकडी आणणारं कायनिक आम्ल दिलेल्या रॅट्सवर हेच रॅपामायसिन वापरलं, तेव्हा फुटवे आणि फिट्स दोन्ही कमी झाले. एका प्रयोगावर निकाल कसा देता?

धागाकर्ता : पण रॅपामायसिन फक्त फुटवे खुडत नाही. ते एमटॉर ही पेशीच्या वाढीची अख्खी यंत्रणाच दाबतं. फिट्स नेमक्या कशामुळे घटल्या, हे त्यातून कसं कळणार?

प्रतिसाद २ : माझ्या धाकट्या भावाच्या एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस आकसलेला दिसला. तीन औषधं हरली. ऑपरेशननंतर चार वर्षं एकही फिट नाही. कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत ८० रुग्ण होते. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त किती? शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांवर ८. रचनेला दुय्यम म्हणू नका हो.

धागाकर्ता : भावाचं वाचून खरंच बरं वाटलं. रचना दुय्यम नाहीच. पण तो अख्खा भाग काढला की मेलेल्या पेशी, फुटवे, वण सगळंच जातं. दोषी कोण, ते कळत नाही.

प्रतिसाद ३ : लेव्हेटिरासेटॅम हे फिट्सवरचं औषध आठवा. निरोगी उंदरांना विजेचा झटका किंवा पीटीझेड हे फिट आणणारं रसायन देऊन केलेल्या नेहमीच्या चाचण्यांत ते जवळपास निकामी ठरलं होतं. किंडलिंग केलेल्या, म्हणजे रोज थोडी थोडी वीज देऊन मेंदूला फिट्सची सवय लावलेल्या प्राण्यांत मात्र ते चाललं. बदललेला मेंदू वापरला नसता तर हे औषध हातचं गेलं असतं.

धागाकर्ता : हे पूर्ण मान्य. पण त्या बदलात फुटव्यांचा वाटा किती? माझा संशय डेंटेट गायरसच्या आतल्या हायलस या भागातल्या मॉसी पेशींवर आहे (मॉसी फायबर्स यांचे नव्हेत). त्या फुटव्यांच्या आधी मरतात.