वेबसाइटच्या चलाखीला नियम आहेत, मग शेल्फला का नकोत?

मोजमाप (धागाकर्ती)

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. खोटी घाई दाखवणं, न मागता टोपलीत वस्तू घालणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, जाहिरात आहे हे लपवणं असे 13 प्रकार त्यात आहेत. पण हे सगळं स्क्रीनपुरतं. मुंबईत ज्या घरांचं महिन्याचं वाणसामान मोठ्या दुकानांतून येतं, त्यांना यातले काही प्रकार शेल्फसमोर उभं राहून सोसावे लागतात. तिथे कोणी विचारत नाही.

सर्वात गंभीर प्रकार एकक किमतीचा आहे. पाकिटांच्या ठरावीक मापांची सक्ती पाकीटबंद मालाच्या वैधमापन नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीने काढली आणि त्याऐवजी पाकिटावर एकक विक्री किंमत छापणं बंधनकारक केलं. 1 किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमला, वरच्या पाकिटावर दर किलोला. आता अडचण बघा. 900 ग्रॅमच्या पाकिटावर '0.21 रुपये प्रति ग्रॅम' आणि दीड किलोच्या पाकिटावर '207 रुपये प्रति किलो' छापलेलं असतं. आकडा दोन दशांश स्थळांपर्यंतच असल्याने 0.21 म्हणजे किलोला 205 रुपयेही असू शकतात आणि जवळजवळ 215 सुद्धा. म्हणजे स्वस्त कोणतं हे छापील आकड्यावरून कळतच नाही.

त्याहून मोठी गोम अशी की हा आकडा एमआरपीवर काढलेला असतो आणि मोठी दुकानं एमआरपीला विकत नाहीत. समजा तूरडाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट, एमआरपी 110. एक किलोचं, एमआरपी 200. छापील हिशेबात मोठं पाकीट किलोमागे 20 रुपयांनी स्वस्त. दुकानाचा दर मात्र अनुक्रमे 88 आणि 182. म्हणजे छोटी दोन घेतली तर 176, मोठं एक घेतलं तर 182. 'मोठं पाकीट स्वस्त' या सवयीवर विसंबून माणूस मोठंच उचलतो.

बाकी दोन गोष्टी म्हणजे गोंडोलाच्या (दुकानाच्या मधल्या, दोन्ही बाजूंनी माल लावलेल्या शेल्फच्या रांगेच्या) टोकाची भाड्याने दिलेली जागा आणि बिलिंग काउंटरजवळची मुलांच्या उंचीवरची चॉकलेटं. यांना नियम हवा की नको? मतं लिहा.

काउंटरपलीकडे

असहमत. मांडणीमागे प्रत्येक वेळी कावा असतो हे गृहीतकच चुकीचं आहे.

डाळ-तांदूळ-साखर आत का? कारण माल मागच्या बाजूने उतरतो. 50 किलोची पोती पुढच्या दारापर्यंत ओढत नेली तर मधली वाट दिवसभर अडते. दूध-दही-पनीर मागच्या भिंतीला का? कारण शीतकपाटं मागच्या कोल्ड रूममधून भरली जातात. माल उघड्यावर जितका कमी वेळ, तितकं नुकसान कमी. शिवाय दूध मागे ठेवून गिऱ्हाइकाला चालवतात हे नेहमी दिलं जाणारं उदाहरण मुळात अमेरिकेचं. मुंबईत बहुतेक घरी दुधाची पिशवी सकाळी दारात येते, त्यासाठी ट्रॉली घेऊन कोणी निघत नाही. आपल्याकडे माणूस आत येतो तो तेल, साखर, डाळ आणि आट्यासाठी.

आता या वस्तूंचं अर्थकारण बघा. साखर आणि तेलाचा भाव प्रत्येक घरात तोंडपाठ असतो, म्हणून दुकान त्यावर अगदी थोडं कमावतं. कमाई कपडे, भांडी, प्लॅस्टिकचे डबे, चादरी यांवर होते. पवईत 2002 साली सुरू झालेल्या डीमार्टच्या मूळ कंपनीचे वार्षिक अहवाल जाहीर आहेत. विक्रीचा साधारण पाव हिस्सा कपडे आणि घरगुती सामानाचा असतो, आणि नफ्याचं प्रमाण किराण्यापेक्षा तिथे बरंच जास्त. साखरेच्या वाटेवर चादरी ठेवल्या म्हणून साखर स्वस्त मिळते. हा रस्ता कायद्याने सरळ केलात तर साखरेचा भाव वाढेल. आणि तो भार चादर कधीच न घेणाऱ्या, काटेकोर गिऱ्हाइकावरच पडेल.

मोजमाप

पोती आणि कोल्ड रूमचा मुद्दा मान्य. त्या मांडणीला नियम लावा असं मी म्हटलेलंच नाही.

गोंडोलाच्या टोकाला मात्र असं कोणतंही कारण नसतं. ती जागा कंपनीकडून महिन्याच्या किंवा पंधरवड्याच्या बोलीवर पैसे घेऊन दिली जाते. तिथे रचलेली बिस्किटं बघून गिऱ्हाइकाला वाटतं की ऑफर असणार. कित्येकदा आतल्या शेल्फवर आणि टोकाला किंमत एकच असते. वेबसाइटवर पैसे घेऊन वर आणलेल्या वस्तूला 'प्रायोजित' लिहावं लागतं. इथे त्याच व्यवहाराला पाटी का नको?

आडवा छेद

दोघेही मांडणीला तिच्या ताकदीपेक्षा जास्त श्रेय देताय. या विषयात अर्धवट निष्कर्ष फार फिरतात.

संथ संगीताने विक्री 38 टक्क्यांनी वाढते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा आकडा विपणनाचे अभ्यासक मिलिमन यांच्या 1982 च्या अभ्यासातला, तोही अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमधला. महिन्याच्या पहिल्या रविवारी घाटकोपर किंवा ठाण्याच्या दुकानात जी गर्दी असते, तिथे चालण्याचा वेग पुढची ट्रॉली ठरवते, गाणं नाही.

दुसरा जॅमचा प्रयोग, 2000 सालचा. 24 प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी घेतलं, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. यावरून 'कमी पर्याय ठेवा, जास्त विका' असा मंत्र निघाला. 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. काही ठिकाणी पर्याय वाढले की विक्री वाढली, काही ठिकाणी घटली.

मला खरोखर परिणामकारक वाटतात त्या रुक्ष गोष्टी. एक, ट्रॉलीचं आकारमान. 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवत होतं. आजही हात भरला की खरेदी थांबते. दुसरी, नजरेच्या पातळीवरचा शेल्फ, जमिनीपासून साडेतीन ते पाच फूट. तिसरी म्हणजे फेसिंग: एकाच वस्तूची किती पाकिटं पुढच्या रांगेत दिसतात. एका पाकिटाची चार केली तर फरक पडतो, पण चौपट विक्री होत नाही, प्रत्येक वाढीव फेसिंगचा उपयोग घटत जातो. म्हणूनच दुकानं प्लॅनोग्राम करतात, म्हणजे कोणत्या फळीवर कोणती वस्तू किती जागेत याचा नकाशा. त्यात जादू नाही, इंच मोजण्याचं काम आहे.

लालबागचा वाणी

मोठ्या दुकानांना झोडपताना छोटं दुकान सोवळं आहे असं कोणी समजू नये. गल्ल्यावरचा माणूसही ज्यात दोन पैसे जास्त सुटतात तेच पाकीट आधी पुढे करतो. फरक इतकाच की वाण्याकडे गिऱ्हाईक यादी देतं आणि माल आतून येतो. 1916 मध्ये अमेरिकेत मेम्फिसला पिगली विगली या दुकानाने गिऱ्हाइकाला स्वतः माल उचलू दिला, तोवर बहुतेक सगळीकडे हीच रीत होती. यादीत नसलेलं दिसतच नाही, त्यामुळे घेतलं जात नाही.

एकक किमतीवर एक भर. 'मोठं ते स्वस्त' हे शाम्पूत तर बहुतेक उलटंच असतं. 2 रुपयांच्या पुडीत साडेपाच मिली असेल तर मिलीला 36 पैसे. 150 रुपयांच्या 180 मिली बाटलीत मिलीला 83 पैसे. आणि 10 ग्रॅम किंवा 10 मिलीपर्यंतच्या पाकिटांना या छपाईच्या नियमातून सूट आहे, म्हणून तुलना करायला आकडाच मिळत नाही. मोठ्या दुकानात पुड्यांची माळ शोधावी लागते, बाटल्या नजरेसमोर असतात.

पण मोजमापताई, शेल्फवर एकक किंमत लावायची सक्ती आली तर ती दीडशे चौरस फुटांच्या दुकानावर पण येणार ना? भाव आठवड्यात दोनदा बदलतात. कोण लिहीत बसणार?

मोजमाप

तुमची शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर उपलब्ध आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून जास्त साखर-मीठ-चरबीचे ठरावीक पदार्थ दाराशी, रांगेच्या टोकाला आणि बिलिंगजवळ ठेवायला बंदी आहे. तो नियम 2,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांनाच लागतो. तीच मर्यादा इथे घ्या. ज्यांच्याकडे बारकोड आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे त्यांच्याकडे वजन आणि दर दोन्ही आधीच नोंदलेले असतात. भागाकार करून लेबल छापायचं, एवढंच काम.

घाटकोपर पूर्व

ऑफरच्या गणिताबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

'50% + 20%' म्हणजे 70 टक्के सूट नाही. 1,000 चे आधी 500, त्यावर 20 टक्के म्हणजे 400. सूट 60 टक्के. 'दोनवर एक मोफत' म्हणजे 33 टक्के, पण तिन्ही संपवली तरच. मुंबईच्या साडेतीनशे फुटांच्या घरात तिसरं पाकीट कुठे ठेवणार? पावसाळ्यात रवा-मैद्याला कीड लागली की ती सूट कचऱ्यात जाते. '2,999 च्या खरेदीवर 300 चं व्हाउचर' दिसायला 10 टक्के. ते पुढच्या महिन्यात किमान 1,500 च्या खरेदीवरच चालणार असेल तर 4,499 खर्च झाल्यावर 300 सुटतात, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. शिवाय 2,600 चं बिल झालेलं असताना 399 ची वस्तू शोधत माणूस कपड्यांकडे वळतो, तो खर्च वेगळाच.

नवा नियम मागण्याआधी जुना वापरा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47): जी वस्तू फुकट म्हणून दाखवली तिची किंमत पूर्ण किंवा अंशतः मूळ व्यवहारातच वसूल होत असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऑफर लागण्याआधी दुकानाचा दर काय होता याचा पुरावा मात्र लागेल. त्यासाठी जुनी बिलं जपून ठेवा, थर्मल कागदावरची शाई उडते म्हणून फोटो काढून ठेवा.

संघप्रमुख

शेल्फच नसलेली पद्धत मुंबईत 1975 पासून चालू आहे, तिचा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं. मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरणात आसपासच्या कुटुंबांचा संघ असतो. यादी येते, घरी बसून आकडे भरायचे, संघाची मागणी एकत्र जाते, ठरलेल्या दिवशी माल येतो आणि वाटून घेतला जातो. यादीत भाव शेजारी शेजारी असतात. मुलं सोबत नसतात, टोकाचा ढीग नसतो, काउंटरची रांगही नसते. मागणी लिहिताना डबे उघडून बघता येतात, त्यामुळे घरात असलेली हळद पुन्हा येत नाही.

काउंटरपलीकडे

पद्धत उत्तम, पण मर्यादा सांगा. महिनाभराची गरज आधी ठरवावी लागते, माल उतरवायला आणि वाटायला कोणीतरी घरी असावं लागतं, ब्रँडची निवड मोजकी. नवरा-बायको दोघंही 8.12 ची लोकल पकडून रात्री परतणारी असतील तर वाटपाच्या दिवशी कोण थांबणार? त्यांच्यासाठी रात्री दहापर्यंत उघडं असलेलं दुकान हीच सोय.

लेबलाच्या मागणीला माझा विरोध राहिला नाही. 0.21 च्या दशांशाचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक व्यवहार लक्षात घ्या: कागदी लेबलं रात्री बदलतात आणि बिलिंगचा दर सकाळी अद्ययावत होतो. या दोन्हींत अंतर पडलं की काउंटरवर भांडण होतं. सक्ती करताना 'शेल्फवरचा आणि बिलातला दर वेगळा असेल तर कमी असलेला लागू' हेही लिहा, नाहीतर चुकीच्या लेबलांचाच सुळसुळाट होईल.

बिलिंगजवळच्या चॉकलेटांवरची बंदी मात्र मला अजूनही मान्य नाही. तिथे बॅटरीचे सेल, रेझर, काडेपेट्याही असतात, आणि लोक त्या तिथूनच शोधतात.

मधुवंती

मग वस्तू बदला, जागा ठेवा. इंग्लंडच्या नियमातही बिलिंगजवळची जागा रिकामी करायला सांगितलेलं नाही, ठरावीक पदार्थ हलवायला सांगितलं आहे. सेल आणि काडेपेट्या राहू देत. गोड पदार्थ ट्रॉलीत बसलेल्या मुलाच्या हाताला लागतात तेवढेच हलवा. रांग पंधरा मिनिटांची असते आणि तिथून आईबापाला बाहेर पडता येत नाही. मधल्या रांगेत मूल हट्टाला पेटलं तर ट्रॉली वळवता येते, इथे वळवायला वाटच नसते. हा भेद महत्त्वाचा आहे.

दुसरं, बिल करताना मोबाइल नंबर मागतात त्यावर कोणी बोललं नाही. नंबर दिल्याशिवाय बिल करायला नकार देऊ नये असं ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये दुकानदारांना सांगितलेलं आहे. 'नंबर द्यायचा नाही' एवढं म्हटलं की पुरतं.

मोजमाप

काउंटरपलीकडे यांची 'कमी असलेला दर लागू' ही सूचना मागणीत घेते. मसुदा असा: 2,000 चौरस फुटांवरच्या दुकानांत शेल्फच्या कडेला दुकानाचा प्रत्यक्ष दर आणि त्यावरून काढलेली एकक किंमत, सगळ्या मापांना दर किलो किंवा दर लिटर अशी एकाच एककात. पुड्यांनाही तीच. पैसे घेऊन दिलेल्या टोकाच्या जागेवर 'प्रायोजित' ही पाटी. बिलिंगचा मुद्दा मधुवंती यांच्या शब्दांत, वस्तूंची यादी वेगळी जोडून. अक्षरांचा किमान आकार किती असावा हे लालबागचा वाणी आणि आडवा छेद यांनी सुचवावं. सर्वात खालच्या फळीवरचं लेबल उभ्या माणसाला न वाकता वाचता आलं पाहिजे.