मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन लेक क्विनॉल्टच्या रेनफॉरेस्टमध्ये निवांत राहायचंय (वॉशिंग्टन राज्य)

नमस्कार मंडळी,

आम्ही सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला राहतो. सध्या आई-बाबा साताऱ्याहून आलेत. माउंट रेनिअर, डाउनटाउन, बोईंगचं म्युझियम वगैरे सगळं दाखवून झालंय आणि परवा आईच म्हणाली की आता मला गाडीत घालून पळवू नका गं, कुठेतरी झाडं आणि पाणी असेल तिथे नुसतं बसूया. बाबांना तर जंगल म्हणजे जीव की प्राण, रिटायर झाल्यापासून कास-बामणोली-कोयनेच्या बाजूला हिंडणं चालूच असतं त्यांचं, आणि अमेरिकेत रेनफॉरेस्ट आहे हे ऐकल्यापासून रोज विचारतायत की ब्राझीलसारखं का, साप असतात का, जळवा असतात का.

तर ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या बाजूला लेक क्विनॉल्ट आहे, तिथे तळ्याकाठी लॉज आणि रिसॉर्ट आहेत असं कळलं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन रात्री राहायचा विचार आहे. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती सपाट रस्त्यावर हळूहळू छान चालते पण चढ-उतार आणि पायऱ्या जमत नाहीत. शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याचे ऑफिसातले सगळे म्हणतायत की त्याच पार्कमधल्या होह रेनफॉरेस्टलाच जा, तेच फेमस आहे, क्विनॉल्टला काय आहे. म्हणून गोंधळ झालाय. तिथे खरंच दोन-तीन दिवस बसून राहण्यासारखं आहे का, की एका दिवसात कंटाळा येईल? सप्टेंबरात पाऊस लागेल का? रूम कुठली घ्यावी, आईला झेपतील अशा पायवाटा कुठल्या, आणि नवऱ्याला तळ्यात मासे धरायचेत, त्याच्याकडे राज्याचं लायसन्स आहे ते चालतं का? कुणी वयस्कर मंडळींना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

— साताऱ्याची_लेक


पाऊसवाट:

ताई, डोळे मिटून क्विनॉल्ट घ्या. होह सुंदर आहेच, प्रश्नच नाही, पण तुमच्या आईंना जे हवंय ते तिथे मिळणार नाही. होहला आत राहायला लॉज नाही, फक्त कॅम्पग्राउंड आहे, आणि सीझनला गेटवर गाड्यांची रांग लागते, तासभरसुद्धा थांबावं लागतं. क्विनॉल्टहून होहला जायलाच पावणेदोन-दोन तास लागतात, म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस गाडीत. मोठे वृक्ष, शेवाळ, नेचे हे सगळं क्विनॉल्टलाही तेच आहे, आणि ते खोलीतून बाहेर पडलं की समोर आहे.

तळ्याच्या दक्षिण काठावर जुना लेक क्विनॉल्ट लॉज आहे, १९२६ सालचा, पूर्ण लाकडी. यलोस्टोनचं ओल्ड फेथफुल इन ज्याने बांधलं त्या रॉबर्ट रीमरचंच हे काम. लॉबीत मोठी फायरप्लेस आणि मागे हिरवळीचा उतार थेट पाण्यापर्यंत. त्या हिरवळीवर लाकडी आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, सकाळी चहा घेऊन बसलात की तळ्यावरचं धुकं हळूहळू डोंगरावर चढताना दिसतं आणि नऊ-दहाला कधीतरी पलीकडचा काठ दिसायला लागतो. माझे सासरे तिथून जेवायलासुद्धा उठत नव्हते. कंटाळ्याची काळजी करू नका, उलट तेवढ्यासाठीच जायचं.

बाबांना सांगा की प्रेसिडेंट फ्रँकलिन रूझवेल्ट १ ऑक्टोबर १९३७ ला इथे जेवायला थांबले होते, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांनी ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या कायद्यावर सही केली. डायनिंग रूमला त्यांचंच नाव आहे. हिरवळीच्या बाजूने लॉजच्या चिमणीवर एक लाकडी टोटेम (कोरीव खांब) आहे, त्यावर पाऊस मोजतात, इंचात नाही तर फुटात!

रूमबद्दल: फोन करून तळमजल्याचीच मागा आणि आईंच्या गुडघ्याचं आधीच सांगून ठेवा. जुनी बिल्डिंग आहे, जिने आहेत. आणि हिरवळीचा उतार आईंना एकटीने उतरू देऊ नका, वरच्या बाजूलाही खुर्च्या असतात, दृश्य तेच दिसतं.


टॅकोमाकर:

पाऊसवाट यांना +१. पायवाटांचं मी सांगतो, माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत त्यामुळे या नजरेने सगळं बघून झालंय.

सगळ्यात सोपी मेपल ग्लेड, उत्तर काठाला क्विनॉल्टच्या रेंजर स्टेशनपाशी. अर्ध्या मैलाची गोल वाट, जवळजवळ सपाट, आणि मोठ्या पानांच्या मेपलवर इतकं शेवाळ लोंबतं की झाडाचं खोड दिसतच नाही. तिथूनच केस्टनर होमस्टेडची वाट फुटते, साधारण सव्वा मैल, जुन्या वसाहतवाल्यांचं घर आणि कोठार आहे, आई फ्रेश असतील तरच करा. लॉजच्या बाजूला रेन फॉरेस्ट नेचर ट्रेल आहे, तीही अर्धा मैलच, पण थोडा चढ-उतार आहे आणि ओलं असलं की मुळांवरून पाय घसरतो, तिथे बाबांना आणि नवऱ्याला पाठवा. चार मैलांचा मोठा लूप आहे तो आईंसाठी नाही.

जगातला सगळ्यात मोठा म्हणून ओळखला जाणारा सिटका स्प्रूस (सूचिपर्णी वृक्ष) इथेच आहे, दक्षिण काठाच्या रिसॉर्ट व्हिलेजपाशी. उंची १९१ फूट, घेर जवळपास ५९ फूट, वय हजार वर्षांच्या आसपास. रस्त्यापासून अगदी थोडं चालायचं, आई आरामात पोचतील. आणखी पुढे मेरिमन फॉल्स धबधबा रस्त्याला लागूनच आहे, गाडीतून उतरलं की झालं.

जंगलात एक गोष्ट मात्र थांबून नीट बघा. पडलेलं मोठं खोड असतं आणि त्याच्यावर ओळीने नवीन झाडं उगवलेली असतात, नर्स लॉग म्हणतात त्याला. खाली जमिनीवर नेचे-शेवाळाची एवढी गर्दी असते की बी रुजायला जागाच मिळत नाही, म्हणून बी या कुजणाऱ्या खोडावर रुजतं आणि मुळं खोडाला वेढून जमिनीत जातात. पुढे शेकडो वर्षांनी मूळ खोड कुजून नाहीसं होतं आणि वरची झाडं मुळांच्या पायांवर उभी राहतात, मधून आरपार दिसतं. एका रेषेत उभी असलेली झाडं दिसली की समजायचं, खाली कधीतरी एक आडवं खोड होतं. माझी आई अशाच एका झाडापाशी बराच वेळ उभी होती.

पासचं: दक्षिण काठ नॅशनल फॉरेस्टमध्ये येतो आणि उत्तर काठ नॅशनल पार्कमध्ये, दोन वेगळी खाती. अमेरिका द ब्युटिफुल पास (सगळ्या नॅशनल पार्क-फॉरेस्टचा एकच पास) असेल तर दोन्हीकडे चालतो. तळ्याला वळसा घालणारा रस्ता साधारण ३१ मैलांचा आहे, काही भाग कच्चा, आणि पुरात वाहून जाण्याचे प्रकार होतात, म्हणून निघायच्या आधी पार्कच्या साइटवर रस्त्यांची स्थिती बघाच.


साताऱ्याची_लेक:

किती छान लिहिलंय दोघांनी, मनापासून आभार! बाबांना नर्स लॉगचं वाचून दाखवलं तर ते आत्ताच बॅग भरायला निघाले. पावसाचं आणि माशांचं कुणी सांगेल का? आणि विषारी साप?


हिरवी_पानं:

पश्चिमेच्या या ओल्या जंगलात विषारी साप नाहीत, जळवांचीही धास्ती नको, काकांना सांगा निर्धास्त फिरा. दिसतील त्या पिवळ्या बनाना स्लग, वीतभर लांबीच्या गोगलगायी, शंख नसलेल्या. आणि नशिबात असेल तर रूझवेल्ट एल्क, सांबरापेक्षा मोठं हरीण, त्यांच्यापासून निदान ५० यार्ड लांब राहायचं हा नियम आहे. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ, नराची शीळ ऐकू येऊ शकते, पण जवळ अजिबात जायचं नाही.

पाऊस: इथे वर्षाला साधारण १२ फूट पडतो, म्हणजे साडेतीनशे सेंटीमीटरच्या वर. ऐकायला खूप वाटतं, पण आपल्या महाबळेश्वरला याहून बराच जास्त पडतो! फरक असा की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि इथे ऑक्टोबर ते एप्रिल रिपरिप चालू, त्यातही नोव्हेंबर ते जानेवारी जास्त. उन्हाळ्यात पॅसिफिकवरून धुकं येतं त्यामुळे जंगल ओलं राहतं. जुलै-ऑगस्ट सगळ्यात कोरडे, सप्टेंबरचा पहिला पंधरवडाही बहुतेक वेळा चांगला असतो. तरी जॅकेट आणि आईंना चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच, छत्री जंगलात अडचणीची होते.

आणि काकांसाठी आणखी एक. जंगलाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ डॉ. नलिनी नाडकर्णी यांचं नाव सांगा त्यांना. वडील भारतातून इकडे आलेले, ऑलिंपियाच्या एव्हरग्रीन कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं, तुम्ही जाताना ऑलिंपियावरूनच जाल. याच ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या जंगलात दोर लावून त्या मेपलच्या शेंड्यापर्यंत चढल्या आणि शोधून काढलं की झाडाच्या फांद्यांनाही मुळं फुटतात आणि ती वरच्या शेवाळातल्या मातीतून अन्न-पाणी घेतात. १९८१ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं ते. मेपल ग्लेडमध्ये वर मान करून त्या शेवाळाच्या गाद्या बघताना हे माहीत असलं ना, की झाड वेगळंच दिसतं. म्हणून शेवाळ ओढायचं-तोडायचं नाही हेही बरोबरच्यांना सांगाच, लोक फोटोसाठी खेचतात तेव्हा फार वाईट वाटतं.


गळवाला:

माशांचं मी सांगतो. राज्याचं लायसन्स इथे चालत नाही. हे तळं क्विनॉल्ट इंडियन नेशनचं आहे, तिथल्या मूळ रहिवाशांचं, आणि पाण्यावर नियम त्यांचे. त्यांची वेगळी परवानगी घ्यावी लागते, कधी चालू कधी बंद तेही तेच ठरवतात, त्यामुळे जायच्या आधी चौकशी करा. ब्लूबॅक नावाचा त्यांचा सॅमन याच तळ्यावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हा नुसत्या हौसेचा विषय नाही. नियम काटेकोर पाळा ही विनंती. नुसतं पाण्यावर जायचं असेल तर सीझनला लॉजकडे कनू-कयाक भाड्याने मिळतात, बोटीची टूरही असते, आईंना टूरची बोट बरी पडेल, चढा-उतरायचं मात्र आधी विचारून घ्या. पाणी उन्हाळ्यातही गार असतं.


मेतकूटभात:

खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. अंडंही न खाणाऱ्यांसाठी तिथे पर्याय अगदी कमी, सॅलड, फ्राइज, फार तर पास्ता, त्यातही काय घातलंय ते विचारावं लागतं. आम्ही आईंसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, मेतकूट आणि भडंग घेऊन गेलो होतो, पहिले दोन दिवस त्यावर मस्त निघतात. लॉजच्या खोलीत स्वयंपाक करता येत नाही, गरम वरण-भाताशिवाय चालत नसेल तर तळ्याभोवती किचनवाल्या केबिन भाड्याने मिळतात, ती बघा. मोठी दुकानं शेवटची ॲबर्डीनला, दूध-दही-फळं तिथेच घ्या आणि पेट्रोलही तिथेच भरा.


साताऱ्याची_लेक:

सगळ्यांचे खूप खूप आभार. नवऱ्याने होह यादीतून काढलं, तळमजल्याची तळ्याकडची खोली फोन करून घेतली, आणि बाबांनी नाडकर्णींचं नाव वहीत लिहून घेतलंय. एकच विचारायचं राहिलं, एखाद्या दुपारी समुद्र दाखवायचा तर कुठे जावं? आईला खूप चालायला नको.


टॅकोमाकर:

कलालॉक. हायवे १०१ ने उत्तरेला पाऊण तास. तिथल्या लॉजपाशी वरूनच, गाडीतून उतरल्या उतरल्या समुद्र दिसतो आणि बसायला जागा आहे, आईंना खाली किनाऱ्यावर उतरायची गरज नाही. रुबी बीच आणखी पुढे आहे, तिथे उतार आणि वाहून आलेल्या ओंडक्यांवरून चालणं आहे, ते सोडा. बॉथेलहून क्विनॉल्ट साधारण साडेतीन तास धरा, टॅकोमा-ऑलिंपियाचं ट्रॅफिक टाळायला सकाळी लवकर निघा, मध्ये ऑलिंपियाला आईंचे पाय मोकळे करा. होक्वियम (ॲबर्डीनला लागूनचं गाव) सोडलं की फोनला रेंज कधी असते कधी नसते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा आणि आईंच्या औषधांची नावं कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.