विषय: पोस्टरवर मितोमा की काझू?

मंडळी, नमस्कार.
क्रीडादिनाला मुलांसाठी जपानी फुटबॉलपटूंचं पोस्टर करायचंय. मधोमध एकच मोठा फोटो बसेल. माझं मत मितोमाला. कावासाकीत वाढलेला, प्रीमियर लीगमध्ये खेळणारा, आणि २०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध तो चेंडू रेषेवरून त्यानेच आत ओढला. दोन मिलिमीटरसुद्धा उरले नव्हते! काहींनी काझू, म्हणजे आधीच्या पिढीचा मिउरा काझुयोशी, सुचवलाय, पण तो विश्वचषकात एकदाही खेळलेला नाही. कळवा.
– क्रीडा समिती, कावासाकी

*

ताई,
मितोमा मलाही फार आवडतो. पण विश्वचषक नाही म्हणून काझू मागे, हे काही पटत नाही. लोकांचा त्याच्यावर एवढा जीव का, याचं उत्तर तिथेच आहे.

१९८२ मध्ये पंधरा वर्षांचा मिउरा काझुयोशी शाळा सोडून एकटा ब्राझीलला गेला, तेव्हा जपानात व्यावसायिक लीगच नव्हती. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. त्याच ऑक्टोबरात दोहामध्ये इराकने अगदी शेवटी बरोबरी साधली आणि विश्वचषक हुकला. १९९८ ला जपान पहिल्यांदा पात्र ठरलं, तर काझूला स्वित्झर्लंडच्या सराव शिबिरातूनच घरी धाडलं. ज्याने वाट पाडली, तोच उंबऱ्याबाहेर राहिला. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे लोक अजून त्यावर हळहळतात.

खेळाडू म्हणून हिदेतोशी नाकाता मोठा, हे मान्य. इटलीच्या लीगमध्ये युव्हेंटसविरुद्ध पदार्पणात दोन गोल, शिवाय एकूण तीन विश्वचषक. पण एकोणतिसाव्या वर्षी त्याने बूट काढून ठेवले. काझू खेळत राहिला.

२०११ चा मार्च आठवतो ना? भूकंपाला अठरा दिवस झाले होते, धक्के थांबत नव्हते, आमच्या कपाटांची दारं आम्ही दोरीने बांधली होती. २९ तारखेला ओसाकात मदतनिधीचा सामना झाला. जे-लीगच्या संघाकडून चव्वेचाळीस वर्षांचा काझू बदली म्हणून उतरला, बचावफळीमागे धावला, गोल केला आणि त्याचा तो नाच केला, बोट आभाळाकडे करून. भिंतीपलीकडून ओरडा ऐकू आला. शेजारच्या आजींचा. त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता. मी आणि बायको, दोघंही रडलो.

२०१७ मध्ये पन्नास वर्षं चौदा दिवसांचा असताना योकोहामाच्या मित्सुझावा मैदानावर त्याने गोल केला, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. तिकीट जपून ठेवलंय.
– योकोहामाचा काका

*

काका,
आजींचं वाचून मलाही भरून आलं. २०११ मध्ये आम्ही पुण्यात होतो, हे काहीच माहीत नव्हतं. काझू मधोमध घेते, मितोमा त्याच्या उजवीकडे. मुलांना तो सामना तुम्हीच सांगाल का? दहा मिनिटं ठेवते. आणि ते तिकीट नक्की आणा.