पक्ष्यांच्या नोंदी वहीत ठेवायच्या का ॲपवर? आणि नुसता आवाज ऐकला तर धरायचा का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. पक्षी बघायचा नाद मला २०१६ पासून, रोज सकाळी हरिपूरला फिरायला जायचो आणि एक दिवस संगमावर कवड्या खंड्या एका जागी हवेत थांबून पंख फडफडवत होता, मग दगड पडावा तसा खाली पाण्यात, वर आला तर चोचीत मासा. तिथनं जो किडा चावला तो चावलाच. पहिली वही २०१९ च्या पुरात गेली, पाणी ओसरल्यावर काढली तर पानं एकमेकाला चिकटून नुसता पापड झालेला. दुसरी वही चालू आहे, त्यात आज १४३ पक्षी आहेत.

आता अडचण अशी की वहीत मी फक्त नवीन पक्षीच लिहिलेत. पहिल्यांदा दिसला की नाव, तारीख, जागा, विषय संपला. साळुंकी एकदा लिहिली ती लिहिली, परत कधीच नाही. मित्र म्हणतोय हे सगळं ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप) चढव, वहीचं काय खरं नाही, परत पूर आला की गेली. तर जुन्या नोंदी टाकता येतात का? नुसता आवाज ऐकला तर धरतात का? आणि जतच्या माळावर एक तपकिरी भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) बघितलाय, फोटो नाही, कुठला ते आजपर्यंत कळलं नाही, त्याचं काय करू?

बामणोलीकर

टाकता येतात की. तारीख आणि जागा नक्की असेल पण किती वेळ हिंडला ते आठवत नसेल तर त्यासाठी 'हिस्टॉरिकल' असा वेगळा प्रकार आहे, तो निवडा. तारीखच अंदाजाची असेल तर माझं मत, वहीतच राहू द्या.

पण दादा खरी गोष्ट पुढची आहे. तुमच्या वहीत साळुंकी एकदाच आहे ना, तिथंच घोळ आहे. यादी सबमिट करताना ईबर्ड एक प्रश्न विचारतं, तुम्हाला ओळखता आले ते सगळे पक्षी टाकलेत का. त्याला 'हो' म्हणता येईल अशी यादी करा. कावळा, होला, पारवा, सगळं. कारण तुम्ही सगळं लिहिलंय असं कळलं तरच जे लिहिलं नाही ते दिसलं नाही असा अर्थ निघतो. समजा येरळवाडीच्या तलावावर दहा जण गेले आणि दहाही जणांनी फक्त रोहितच (फ्लेमिंगो) लिहिले, तर उद्या तिथले शेकाटे कमी झाले का हे कुणाला सांगता येणार? शेकाट्या काय, कुठंही दिसतो म्हणून कुणी लिहीतच नाही, आणि कमी व्हायला लागला की मग सगळे म्हणणार पूर्वी खूप होते. खूप म्हणजे किती ते कुठंच नाही. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३ चा रिपोर्ट अशाच याद्यांवर झालाय, सुमारे ३०,००० पक्षी बघणाऱ्यांच्या ३ कोटींच्या आसपास नोंदी आणि ९४२ जातींचा हिशोब. त्यात संशोधक कमी, तुमच्या-माझ्यासारखे रिकामटेकडेच जास्त असणार.

आकडा पण टाका, नुसता एक्स (म्हणजे दिसला, पण किती ते नाही) नको. भोरड्यांचा थवा आला की लोक घाबरतात, कसे मोजायचे म्हणून. थव्याचा एक तुकडा धरायचा, त्यात दहा मोजायचे, तेवढा तुकडा किती दिसतो ते डोळ्यात बसवायचं आणि मग तसले तुकडे थव्यावर मांडत जायचं. चारशे म्हणालात आणि खरे साडेचारशे असले तर काही बिघडत नाही. ज्वारी हुरड्यात आली की संध्याकाळी बाभळीवर बसायला येतात तेव्हा सराव करा, मान दुखेपर्यंत.

वेळ आणि अंतर ॲप आपलं आपण मोजतं, फक्त चालू करायचं लक्षात ठेवा (मी निम्म्या वेळा गाडीत बसल्यावर बंद करतो आणि मग पायी नऊ किलोमीटर असं काहीतरी येतं). दिवसभराची एकच यादी नको, जागा बदलली की नवीन यादी. पक्ष्यांची नावं सेटिंगमध्ये जाऊन मराठी करता येतात.

लायफर_पायजे (कराड)

बामणोलीकर सर, सगळं बरोबर, पण लाइफ लिस्टला (आजवर बघितलेल्या सगळ्या जातींची यादी) एवढं खाली पाडू नका की वो. आकडा वाढतोय म्हणून तर माणूस पहाटे पाचला उठतंय. मी ३०० ला टेकलोय आणि त्यातला राखी धनेश बघायला तीनदा हेलपाटा घातलाय. साळुंक्या मोजायला कुणी उठणाराय का?

आणि गंमत सांगतो, लिस्ट घरबसल्या पण हलते. २०२४ ला ईबर्डनं गव्हाणी घुबडाचे तीन भाग केले, आपल्याकडचं ते ईस्टर्न झालं. ज्यानं युरोपात पण ते बघितलंय त्याला काही न करता एक पक्षी वाढून मिळाला. आमचं काय, नाव तेवढं बदललं, आकडा आहे तिथंच. लै वाईट वाटलं.

बामणोलीकर

@लायफर_पायजे लिस्ट ठेवा हो, माझी पण आहे, ॲप ती आपोआप करतंच. मी म्हणतोय त्यासाठी वेगळी वही नको, रोजची यादी नीट केली की लाइफ लिस्ट त्यातनंच निघते. उलटं होत नाही.

वटवट्या (सातारा)

आवाजाचं मी सांगते, कारण मी पोळलेय. आवाज धरतात, ऐकून ओळखला तरी तो पक्षी यादीत येतो. पावशा पाऊस आल्यावर डोकं उठवतो पण दिसतो किती जणांना? पण दोन वर्षांपूर्वी यवतेश्वरच्या रस्त्याला मी शिक्रा लिहिला, सकाळी, स्पष्ट आवाज, मर्लिननं (आवाजावरनं पक्षी ओळखणारं ॲप) पण शिक्राच दाखवला, मी खूश. मग झाडीतून बाहेर आला कोण, तर कोतवाल. तारेवर बसून, शेपटी हलवत, परत एकदा शिक्र्याचा आवाज काढून दाखवला, जसं काय माझ्यासाठीच. तोपर्यंत यादी सबमिट झालेली. घरी येऊन दुरुस्त केली, करता येते, लाजू नका. तेव्हापासून मर्लिन म्हणतं म्हणून लिहायचं नाही असं ठरवलंय, ते फक्त कुठं बघायचं ते सांगतं असं धरायचं.

भोवत्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. दादा, पॅलिड आणि माँटेग्यू या दोन भोवत्यांचे नर ओळखता येतात, पण माद्या आणि पिल्लं दोन्हीकडं तपकिरीच, शेपटीवर मुळाशी पांढरा पट्टा, उडताना लांबून भले भले गप्प बसतात. ॲपमध्ये 'हॅरियर स्पी.' (म्हणजे भोवत्या, पण कुठला ते नक्की नाही) असा पर्याय असतो तो टाका. ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ते बरं.

अजून एक, घरट्याची जागा आणि फोटो टाकायची घाई करू नका. काही दुर्मिळ जातींची नेमकी जागा ईबर्ड स्वतः झाकतं, पण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला कोण झाकणार. एका घुबडाच्या ढोलीसमोर एका रविवारी चौदा माणसं मी मोजलीत. ती पण यादीत टाकायला हवी होती.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. आज सकाळी केली पहिली पूर्ण यादी. हरिपूर संगम, ४० मिनिटं, एका जागी बसून. पाणकावळे १७, गायबगळे २३, साळुंक्या ११, टिटव्या ४, नदी सुरय ६, वेडे राघू ९, कवड्या खंड्या २, चिमणी शून्य. चिमणी शून्य हे मला आजच कळलं, इतकी वर्षं मी रोज तिथं जातोय.

मध्येच एक जण म्हणाला काय मोजताय, म्हटलं पक्षी, तर म्हणाला मगर मोजा की, पलीकडं पडलीया बघा काठावर. बघितलं तर होतीच. मी आपला दोन पायऱ्या वर सरकून बसलो आणि पाणकावळे परत पहिल्यापासून मोजले.

तेवढं एक सांगा, मोजताना जे उडून मागं गेले आणि परत पुढं आले ते दोनदा धरले गेले असतील तर?